छातीवर हात

माझी ताई मरायची. आठवड्यातून दोनदा, मागणी असली तर रोज. कधी एखाद्या कचेरीच्या मीटिंग रूममध्ये, कधी शाळेच्या हॉलमध्ये, कधी गोदामात खोकी बाजूला सारून केलेल्या जागेत. लोक खुर्च्यांवर बसून तिचं मरण बघायचे आणि शेवटी टाळ्या वाजवायचे. मग ती उठायची, कपडे झटकायची आणि लोकांचे चहाचे कप गोळा करायला लागायची. कप गोळा करायला तिला कुणी सांगितलेलं नसायचं. तिला बसवतच नाही कुठे.

ही अक्कल तिच्या नवऱ्याची. माझे भाऊजी प्रथमोपचाराचे क्लास घेतात. कुणी भाजलं, कुणाच्या घशात घास अडकला, कुणाला हार्ट अटॅक आला, तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं ते शिकवतात. स्वतः डॉक्टर नाहीत. कंपाउंडरही नाहीत. आधी ते आग विझवायची लाल नळकांडी विकायचे. त्या कंपनीने त्यांना कसल्याशा कोर्सला पाठवलं आणि तिथून ते परत आले ते थेट सर होऊनच. तेव्हापासून सगळी दुनिया त्यांना सर म्हणते. ताईसुद्धा. आधी फक्त क्लासमध्ये म्हणायची, चारचौघांत बरं दिसतं म्हणून. मग घरातही तेच सुरू झालं. 'सर, पान वाढलंय.' 'सर, गिझर बंद केलात का?' मी एकदा म्हटलं, अगं, लग्न केलंयस ना त्यांच्याशी, की ॲडमिशन घेतलीयेस? तर हसली आणि म्हणाली, तोंडात बसलंय गं आता. मी त्यांना भाऊजीच म्हणते, आणि तेही ताईचं तोंड बघून.

ते मला भोंगा म्हणतात. मी शाळेची व्हॅन चालवते. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांवर ओरडून माझा आवाज असा झालाय. असू दे. आवाजाने कुणाचं वाईट झालेलं नाही माझ्या.

तर ताईचं मरण. भाऊजींनी ते घरी बसवून घेतलं होतं, दिवाणखान्यात, जमिनीवर गादी टाकून. मी डोळ्यांनी बघितलंय. "उजवा हात छातीवर! मधोमध नको, जरा डावीकडे. बोटं आवळ. आता डावा हात लुळा सोड. तोंड वाकडं कर. अगं, वाकडं म्हणजे वेदना दिसली पाहिजे, कारलं खाल्ल्यासारखं नको! शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळलं पाहिजे. आता गुडघे. आता कुशीवर." ताई बिचारी पडायची, उठायची, परत पडायची. तिच्या कोपराला कायम निळा डाग असायचा. अटॅक असाच येतो हे भाऊजींना कुणी सांगितलं, देव जाणे. सिनेमा बघून ठरवलं असणार, दुसरं काय.

त्यांच्या कोर्सच्या पुस्तकात बायकांबद्दल वेगळं काहीतरी लिहिलं होतं, असं ताईनेच मला एकदा सांगितलं होतं. बायकांना कधी कधी वेगळंच होतं म्हणे, छातीत फारसं दुखतही नाही. पण भाऊजी ते शिकवायचे नाहीत. "त्याने लोक गोंधळतात," म्हणायचे. "एकच चित्र डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. हात छातीवर, की अटॅक. संपलं!" आपण फार मोठं तत्त्वज्ञान सांगतोय, असा चेहरा असायचा हे सांगताना.

आणि त्यांचा तो विनोद. प्रत्येक क्लासमध्ये तोच, त्याच जागी. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते दोन पावलं पुढे यायचे आणि विचारायचे, "बायकांना हार्ट अटॅक येतो का हो?" मग थांबायचे. पुढच्या रांगेतले साहेब लोक आधीच गालात हसायला लागायचे. "येत नाही! त्या देतात!" मग काय, हशाच हशा. जणू जगात पहिल्यांदाच कुणी हे बोललंय. आणि तो हशा हीच ताईची खूण. लोक हसत असतानाच तिने छाती धरून कोसळायचं. हशा एकदम थांबायचा, एखादी बाई किंचाळायची आणि भाऊजी खूश व्हायचे. मग ते तिच्या शेजारी उभे राहून बोलतच राहायचे. कुठे फोन करायचा, नाडी कशी बघायची, मग रबरी पुतळा काढून त्याची छाती दाबून दाखवायची. त्या अर्ध्या पुतळ्याला ते मामा म्हणतात. तोही पुरुषच, मिशी भाऊजींनी मार्करने काढलेली. तेवढा वेळ ताई फरशीवर डोळे मिटून पडून. डास चावला तरी हलायचं नाही. शेवटी भाऊजी म्हणायचे, "उठा मॅडम," की उठायचं. त्याआधी नाही.

शाळांना सुट्टी लागली आणि भाऊजींचा ड्रायव्हर काम सोडून पळाला. त्याला दोष देणार नाही मी. ताईचा फोन आला, जरा येशील का गं व्हॅन घेऊन, थोडे दिवसच. ताईने म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? गेले. म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

पहिल्याच दिवशी मला ताई बरी दिसली नाही. मामाची पेटी घेऊन जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबली आणि भिंतीवरची नोटीस वाचू लागली. पाण्याची टाकी धुण्याची नोटीस. ती कोण इतकी मन लावून वाचतं? मी म्हटलं, दम लागलाय का तुला? म्हणाली, छे गं, वय झालं. पन्नाशीही पुरती झाली नव्हती बाईची. झोपेचंही तेच. आडवं पडलं की कसंतरी होतं म्हणून खुर्चीत बसून झोपायची. आणि दाढ. खालच्या जबड्यात ठणका मारायचा, तोही चालताना, जिना चढताना. बसलं की थांबायचा. भाऊजींनी तिला दातांच्या डॉक्टरकडे धाडलं. त्याने फोटो काढून सांगितलं, दात एकदम ठणठणीत आहेत, हे दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. भाऊजी काय म्हणाले असतील? "दुसरा दातवाला शोधतो. याला काही कळत नाही."

मी ताईला व्हॅनमध्ये म्हटलं, "तू नीट डॉक्टरला दाखव. हे दातांचं नाही वाटत मला."

"मग कशाचं?"

"मला काय माहीत! मी काय डॉक्टर आहे? पण चालताना दात दुखतो कुणाचा?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्याही मनात आलं होतं गं, हार्टचं असेल म्हणून. पण छातीत दुखतच नाही ना! एकदाही नाही. हार्टचं असतं तर आधी छातीत दुखलं असतं. आपण रोज शिकवतो की."

आपण रोज शिकवतो. त्या वाक्याने माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाने खोटं चित्र लोकांच्या डोक्यात भरलं, त्याने ते आपल्या बायकोच्या डोक्यातही भरून ठेवलं होतं. आणि तिने तर ते हजारदा आपल्या अंगाने करून दाखवलेलं. तिला ते खोटं कसं वाटणार? पुस्तकातलं बायकांचं ते वेगळं तिने स्वतःच मला सांगितलेलं, पण रोज पडून पडून ते तिच्या डोक्यातून पुसून गेलं होतं. मी भाऊजींना म्हटलं, ताईला तपासून आणा. ते आरशात बघून टी-शर्टची कॉलर सारखी करत होते. म्हणाले, "भोंगा, तिला काही झालेलं नाही. ॲक्टिंग अंगात भिनलीये तिच्या. मोठ्या कलाकारांचं होतं असं." आणि स्वतःच हसले. टी-शर्टच्या पाठीवर ॲम्ब्युलन्सचा नंबर छापलेला, हा एवढा मोठा. तो त्यांचा गणवेश.

त्या दिवशी क्लास होता पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात. जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे मॅनेजर आणि दोन-चार सुपरवायझर, पाय पसरून. पाठीमागे पॅकिंगच्या बायका, अंगावर पुठ्ठ्याची भुकटी घेऊन. पंखे गरागरा फिरत होते. ताई सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. चहा दिला तो तिने तसाच ठेवला, वास नको म्हणाली. मळमळतंय का, विचारलं तर मान हलवली. मी म्हटलं, आज तू पडू नकोस, मी सांगते त्यांना. म्हणाली, राहू दे गं, ओरडतील. एवढं एक झालं की संपलं.

मी मागच्या दाराशी उभी राहिले. भाऊजींचा पट्टा सुरू झाला. भाजलं तर काय, कापलं तर काय. मॅनेजर फोन बघत होता. मग दोन्ही हात पाठीमागे गेले, भाऊजी पुढे आले.

"बायकांना हार्ट अटॅक येतो का हो?"

थांबले.

"येत नाही! त्या देतात!"

पुढची रांग खो खो हसली. मॅनेजरने फोनवरून डोकं वर काढलं. आणि ताई पडली नाही. ती भिंतीजवळ उभी होती, तिने बाजूची एक खुर्ची ओढली आणि ती बसली.

माझी ताई बसली! काम चालू असताना, लोकांसमोर, कुणी बस म्हटलेलं नसताना. लग्नात नवरी असताना सुद्धा उठून पाहुण्यांना पाणी देत फिरणारी बाई ती. मला तिथेच कळलं, काहीतरी भयंकर झालंय. काय, ते कळलं नाही.

भाऊजींना हशा वाया गेल्याचं दुःख झालं. "मॅडम आज जरा विसरल्या," ते लोकांना म्हणाले आणि तिच्याकडे बघून दात ओठ खाऊन पुटपुटले, "पड ना!"

ताई म्हणाली, "सर... जबडा..." आणि हात जबड्याला लावला. मग दोन्ही खांद्यांच्या मध्ये, पाठीकडे हात नेण्याचा प्रयत्न केला. तो पोचला नाही.

आता कुणीही माणूस काय करेल? बायकोजवळ जाईल. हा माणूस लोकांकडे वळला. चेहरा उजळला त्यांचा! शिकवायला नवीन मुद्दा मिळाला ना. "बघा मंडळी, हे पण महत्त्वाचं आहे. लोक उगाच घाबरतात. आता मला सांगा, यांचा हात कुठे आहे?"

"गालावर!" पुढच्या रांगेतून आलं.

"छातीवर आहे का?"

"नाही!"

"मग हा अटॅक आहे का?"

"नाऽऽही!" अख्ख्या हॉलने उत्तर दिलं, पाढे म्हणतात त्या चालीत.

"शाब्बास. याला म्हणतात दातदुखी. किंवा ॲसिडिटी. अशा वेळी थंड पाणी द्यायचं आणि आपलं काम सुरू ठेवायचं."

मी तोपर्यंत ताईजवळ पोचले होते. तिच्या पाठीला हात लावला तर पाठ भिजलेली. वर पंखा फिरतोय आणि बाई घामाने निथळतेय, तोही घाम थंड. ओठ पांढरे. श्वास अर्ध्यातच तुटत होता. "ताई, कुठे दुखतंय?" म्हणाली, "दुखत नाही गं फार. पण मला ना... बरं नाही वाटत. काहीतरी होणारे मला." तिने माझं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना ती मला असं धरायची.

"फोन लावा कुणीतरी!" मी ओरडले.

कुणीही हललं नाही. आणि का हलले नाहीत, ते ऐका. त्यांना वाटलं, मीपण नाटकातलीच! एक सुपरवायझर शेजारच्याला म्हणाला, "ही बाई जास्त चांगलं करते." दुसऱ्याने मोबाईल काढला, फोन लावायला नव्हे, शूटिंग करायला. आणि मागून कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत. एवढे धडधाकट लोक, प्रथमोपचार शिकायला बसलेले, आणि समोर बाई मरतेय ती बघून टाळ्या वाजवतायत. अशा शिक्षणाला काडी लावली पाहिजे.

मी माझा फोन काढला आणि त्या क्षणी मला ॲम्ब्युलन्सचा नंबर आठवेना. रोज डोळ्यांसमोर असलेला नंबर! भाऊजी आमच्याकडे पाठ करून लोकांना समजावत होते की काळजी नको, आमची मेहुणी जरा हळवी आहे. त्यांच्या पाठीवर तो नंबर होता. मी त्यांच्या पाठीवरून एकेक आकडा वाचून फोन लावला.

तिकडे एक मुलगी होती. आवाज शांत. आधी पत्ता विचारला, मग पेशंट शुद्धीवर आहे का, वय काय. "छातीत दुखतंय?"

"नाही. जबड्यात. पाठीत. घाम सुटलाय, मळमळतंय, श्वास लागतोय."

मला वाटलं, ही पण म्हणणार, मग ॲसिडिटी. तर तिने विचारलं, "याआधी दम लागत होता का? खूप थकवा?"

"हो! बरेच दिवस!"

"गाडी निघाली आहे. हार्ट अटॅक असू शकतो. त्यांना चालवू नका, बसवूनच ठेवा. कपडे सैल करा. ॲस्पिरिन आहे का जवळ? त्यांना त्याची ॲलर्जी आहे का?"

ताईला विचारलं, तिने मानेने नाही म्हटलं. ॲस्पिरिन! समोर टेबलावर भाऊजींची लाल क्रॉसवाली पेटी होती. मी झडप घालून उघडली. आत सगळं शिस्तीत लावलेलं. बँडेजचं खोकं उघडलं, रिकामं. मलमाची ट्यूब, कापून आत कापूस भरलेला. गोळ्यांचं पाकीट, आतल्या सगळ्या जागा फुटलेल्या. सगळी पेटी खोटी! दाखवायची. हृदयाला शॉक द्यायचं मशीनही शिकवण्याचं, नुसतं बोलणारं. जीव वाचवायचं शिकवणाऱ्या माणसाच्या सामानात जीव वाचवणारी एक वस्तू नव्हती.

"अगं, ते सामान डेमोचं आहे," भाऊजी माझ्या हातातून पेटी ओढत म्हणाले. "खऱ्या गोळ्यांची तारीख संपते सारखी. आणि बंद कर तो फोन! माझा क्लास चालू आहे."

मी भोंगा आहे ना? वाजले. "तुमचा क्लास गेला खड्ड्यात! बाई मरतेय तुमची! हे नाटक नाहीये! कुणाकडे ॲस्पिरिन आहे? तुम्ही, मोबाईलवाले, आधी तो खाली ठेवा!"

तेव्हा कुठे त्या शहाण्यांच्या डोक्यात उजेड पडला. पुढच्या रांगेतले एक वयस्कर फोरमन उठले, खिशातून गोळ्यांची डबी काढली, म्हणाले, माझं बायपास झालंय, ही असते माझ्याजवळ. फोनवरच्या मुलीने सांगितलं तशी ताईला गोळी चावायला लावली. पॅकिंगच्या दोन बायका धावत गेटवर गेल्या, गाडीला वाट दाखवायला. मॅनेजर उभा राहून घाम पुसत होता आणि सारखा विचारत होता, हे आमच्या हद्दीत झालं असं लिहावं लागेल का. भाऊजी मामाच्या शेजारी उभे होते. हातात प्लास्टिकची पेटी. तोंडाने काय चाललेलं? "पण छातीत दुखत नाहीये तिच्या. विचारा ना तिला. छातीत दुखतच नाहीये."

गाडी आली. एक मुलगा आणि एक मुलगी उतरले, त्यांनी तिथेच ताईला वायरी लावल्या, हृदयाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली. मुलीने पट्टी बघितली आणि तिचे हात एकदम भराभर चालायला लागले. भाऊजी पुढे झाले, "मी या क्षेत्रातलाच आहे. छातीत दुखत नसेल तर शक्यता..."

"अटॅक आहे. सरका," मुलगी म्हणाली.

स्ट्रेचरवरून नेताना ताईने मान वळवून भाऊजींकडे बघितलं आणि म्हणाली, "सॉरी हं, सर." क्लास अर्धवट राहिला म्हणून. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला. तिचा तर जास्तच, आणि तरी तिचा हात मी सोडला नाही.

हॉस्पिटलमध्ये तिला थेट आत घेतलं. बंद झालेली नळी उघडली, आत जाळी बसवली. मी बाहेर बाकावर बसून सगळ्या देवांना आळीपाळीने शिव्या देत होते आणि नवस बोलत होते. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "वाचल्या. थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं." मग विचारलं, आधी काही त्रास होता का. मी सगळं सांगितलं. जिना, खुर्चीतली झोप, दाढ. त्या मान हलवत राहिल्या. "ही सगळी सूचनाच होती. बायकांना छातीतही दुखतं, पण दरवेळी नाही. आणि दुखलं तरी सिनेमातल्यासारखं नाही. जबडा, पाठ, मळमळ, उगाचच गळून जाणं, असंच होतं पुष्कळदा. मग त्या घरी बसतात आणि आम्हाला उशिरा मिळतात." मी भाऊजींकडे बघितलं. ते कोपऱ्यात फोनवर होते.

"हो ना, पहिला तास, गोल्डन अवर, सांभाळला," ते कुणाला तरी सांगत होते. "आपली टीम तयार होती, म्हणून जमलं. नाही नाही, व्हिडिओ आहे. त्या सुपरवायझरने काढलाय. पुढच्या क्लासला दाखवता येईल. लाइव्ह केस!"

माझ्या हातात त्या वेळी बूट असता तर. पण पायात चप्पल होती आणि डॉक्टरीणबाई समोर होत्या.

दुसऱ्या दिवशी ताईला भेटायला सोडलं. दारात नर्सने भाऊजींना अडवलं. "तुम्ही पेशंटचे कोण?"

"मी ट्रेनर आहे. प्रथमोपचार. या क्षेत्रातलाच समजा."

"ते नाही विचारलं. नातं काय?"

त्यांना नातं सांगायला वेळ लागला. नर्सने माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, नवरा आहे हो, सोडा.

ताई उशीला टेकून बसली होती. चेहऱ्याला रंग आलेला. मला बघून हसली, मी रडले, तिने मला गप्प केलं. आजारी होती ती आणि समजूत माझी काढत होती. भाऊजी स्टुलावर बसले. जरा वेळ मशीनकडे बघत राहिले. घाबरले होते, खोटं कशाला बोलू, डोळे लाल होते त्यांचे. पण सवय कुठे जाते? खाकरले आणि शिकवायला लागले.

"बघ, तुझंही थोडं चुकलंच. जबडा काय, पाठ काय! अगं, तू एकदा, नुसता एकदा हात छातीवर ठेवायचास. मला त्याच सेकंदाला कळलं असतं."

मी तोंड उघडलं, पण ताईने माझ्या हातावर हात ठेवला. ती त्यांच्याकडे बघत होती. एखाद्या नवीन माणसाकडे बघावं तसं, नीट, वेळ घेऊन.

"हात छातीवर ठेवला असता," ती हळूच म्हणाली, "तर तुम्हाला वाटलं असतं, आज छान केलं हिने. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तुम्ही मामाला काढून शिकवत बसला असता."

भाऊजींचा हात कॉलरकडे गेला.

"आणि मी तशीच पडून राहिले असते हो," ताई म्हणाली. "तुम्ही 'उठा मॅडम' म्हणेपर्यंत."